दवंडी आमची, जनसंपर्क तुमचा?

‘पीआर म्हणजे गोड बोलायची नोकरी ना? ती आपल्याला कोण देणार?’

सुप्यातील एका मुलीने आम्हाला हा प्रश्न विचारला. पदवीचे शेवटचे वर्ष, वडील एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई शेतमजूर. मुलगी वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे आणणारी, वस्तीतील प्रत्येक अर्ज लिहून देणारी. तिच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. हे काम काय आहे, हा पहिला. ते आपले आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मात्र इतिहासाकडे जावे लागते. म्हणून हा लेख.

सुपा हे पारनेर तालुक्यातले, नगर-पुणे महामार्गावरचे गाव. दुष्काळी पट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात आज कारखाने उभे आहेत, जपानी उद्योगांसाठी वेगळे क्षेत्र आखले गेले आहे. आमची मुले तिथे कामाला जातात. बहुतेक हेल्पर म्हणून, सिक्युरिटीत, हाउसकीपिंगला. त्याच कारखान्यांत आणखी एक दालन असते. वर्तमानपत्राला काय सांगायचे, गावाला काय सांगायचे, सरकारला कोणत्या भाषेत पत्र लिहायचे, हे तिथे ठरते. त्या दालनात आमचे किती? आम्हाला तर अजून कुणी भेटलेले नाही.

आणि आम्ही म्हणतो, हे काम आमच्यासाठी नवे नाहीच. या मातीत ते काम पिढ्यान्‌पिढ्या आम्हीच केले आहे. फक्त त्याचा पगार आम्हाला कधी मिळाला नाही.

गावाचा पहिला जनसंपर्क अधिकारी

गावगाड्यात महाराची कामे कोणती होती, ते आठवा. सरकारी हुकूम आला की गावभर ओरडून सांगायचा. लोकांना चावडीवर बोलावून आणायचे. गावात परका माणूस आला तर पाटलाला वर्दी द्यायची. अंमलदार आला तर त्याला वाट दाखवायची. सरकारी टपाल आणि वसुली तालुक्याला पोहोचवायची. कुणी मेले तर ऊन-पाऊस न बघता परगावच्या सोयऱ्यांना निरोप द्यायचा. शिवेचा तंटा उभा राहिला तर महाराची साक्ष मोलाची, कारण शीव त्याच्या पायाखालची.

आजच्या नोकरीच्या जाहिरातीच्या भाषेत हे सांगून बघा. माहितीचे प्रसारण, शासनाशी समन्वय, पाहुण्यांची व्यवस्था, आपत्कालीन संदेश, स्थानिक परिस्थितीचे ज्ञान. गावाचा सगळा संपर्क ज्याच्या जिवावर चालत होता, त्याला गावाने शिवेबाहेर ठेवले. ज्याच्या आवाजाने गाव जमत होते, त्याची सावली गावाला चालत नव्हती. निरोप पोहोचवण्याचे काम त्याचे, पण निरोपात काय असावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

मोबदला काय? बलुत्याची भाकरी आणि वतनाचा तुकडा. त्या तुकड्याच्या बदल्यात घरातल्या कुणालाही, रात्री-अपरात्री, सरकारी कामाला जुंपता येत होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते ही गुलामी मोडण्यासाठी. आमच्याच काही लोकांना तेव्हा वतनाचा मोह सुटत नव्हता. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने हे वेठीचे निरोप स्वतः वाहिले आहेत. ही जुनीपुराणी गोष्ट नाही.

छापखाना नगरात, साप्ताहिक तरवडीत

आमच्या जिल्ह्यातल्या तरुणांना एक न्यूनगंड असतो. माध्यमे म्हणजे पुणे-मुंबई, आपण कुठे? त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास वाचावा.

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात सुरू केले. ‘केसरी’ निघाला १८८१ मध्ये, म्हणजे तब्बल ३९ वर्षांनी. याच नगरात मिस फॅरार यांची मुलींची शाळा होती. ती शाळा पाहून जोतीरावांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही फॅरार बाईंकडे.

दुसरे उदाहरण त्याहून जवळचे. नेवासा तालुक्यातले तरवडी हे खेडे. १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी तिथून ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक चालवायला घेतले आणि पुढे पाच दशकांहून अधिक काळ चालवले. ना शहर, ना रेल्वे स्टेशन, ना जाहिरातदारांची रांग. त्यांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढला होता. शेतकऱ्याला लुबाडणारा सावकार आणि भट यांच्याविषयी ‘दीनमित्र’ शेतकऱ्याच्याच बोलीत बोलत राहिला. सुप्यापासून तरवडी काही तासांवर आहे. ज्याला कुणाला वाटते की खेड्यात बसून जनमत घडवता येत नाही, त्याने एकदा तिथे जाऊन यावे.

१९१४ चे न्यूयॉर्क

आता ‘पब्लिक रिलेशन्स’ या धंद्याचा जन्म पाहू. पुस्तकांत आयव्ही ली या अमेरिकन माणसाचे नाव आद्य पुरुष म्हणून येते. १९०६ मध्ये त्याने आपली तत्त्वे जाहीर केली. आमचे काम उघड चालेल, आम्ही वर्तमानपत्रांना खरी आणि तपासता येईल अशी माहिती देऊ, असा त्याचा मथितार्थ. ऐकायला छान.

२० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यात लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर सैनिक आणि कंपनीचे पहारेकरी तुटून पडले. तंबू पेटवले गेले. तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या बायका आणि लेकरे गुदमरून मेली. खाण रॉकफेलर कुटुंबाच्या कंपनीची. देशभर संताप उसळला, तेव्हा रॉकफेलरांनी आयव्ही लीला बोलावले. त्याने कंपनीच्या बाजूची पत्रके काढली आणि वर्तमानपत्रांत, पुढाऱ्यांत वाटली. त्यांत कामगार पुढाऱ्यांविषयी धडधडीत खोटे आकडे होते, बदनामी होती. उघड काम आणि खरी माहिती ही तत्त्वे मालकाच्या पहिल्या मोठ्या संकटात वाहून गेली. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी त्याला ‘विषारी आयव्ही’ असे नाव ठेवले, ते कायमचे चिकटले.

हे घडत होते तेव्हा त्याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात, भीमराव रामजी आंबेडकर नावाचा २३ वर्षांचा विद्यार्थी ग्रंथालय उघडण्याची वाट बघत उभा असे. एकाच काळात, एकाच शहरात दोन माणसे होती. एकाने मेलेल्या कामगारांच्या नावावर मालकाची प्रतिमा धुतली. दुसऱ्याने पुढे मुक्यांना वाचा दिली. साधने दोघांची सारखीच, छापलेला कागद आणि नेमका शब्द. फरक एकच, कुणाच्या बाजूने.

बाबासाहेबांनी जनसंपर्क कसा केला?

आम्ही बाबासाहेबांना घटनाकार म्हणतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, पत्रकारही म्हणतो. संपर्काचे शास्त्र जाणणारा माणूस म्हणून त्यांचा अभ्यास मात्र आम्ही करत नाही. करायला हवा.

जानेवारी १९१९. साउथबरो समितीसमोर त्यांची साक्ष २७ तारखेला होती. त्याआधी, १६ तारखेला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक महार’ या सहीने त्यांचे पत्र छापून आले. तेव्हा ते सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते. साक्षीआधी वाचकांच्या मनात मुद्दा पेरायचा, मग समितीसमोर तो आकडेवारीसह मांडायचा, हा क्रम बघा. त्याच वर्षी इंग्रज सरकारने आपली बाजू मांडण्यासाठी माहिती कक्ष उभारला. आजच्या पत्र सूचना कार्यालयाचे मूळ तिथे सांगितले जाते. सरकारला जे यंत्र लागत होते, तेच बहिष्कृतांनाही लागते, हे बाबासाहेबांनी त्याच सुमारास ओळखले.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. फुकट नव्हे, पैसे देऊन! बाजारात पैशाला जात नसते म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग कपाटावर लिहून ठेवावा. दुसऱ्याच्या माध्यमात जागा मिळाली तर घ्यावी, पण स्वतःचे माध्यम असलेच पाहिजे, हा धडा तिथून आला. मग १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९२८ मध्ये ‘समता’, १९३० मध्ये ‘जनता’, आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने ते एकहाती लिहीत. बाबासाहेबांच्या पश्चात ‘प्रबुद्ध भारत’च्या संपादक मंडळात आमच्याच जिल्ह्यातील अकोल्याचे दादासाहेब रूपवते होते, हेही विसरू नये.

या नावांचा क्रम नुसता वाचला तरी धडा मिळतो. मूक, बहिष्कृत, समता, जनता, प्रबुद्ध. समाज स्वतःला काय म्हणवतो हे त्याने स्वतः ठरवायचे आणि परिस्थिती बदलली की नावही पुढे न्यायचे. आज याला ‘ब्रँडिंग’ म्हणून लाखो रुपये मोजतात.

ऐकणारा कोण, त्यावर भाषा ठरे. सायमन कमिशनसमोर कायद्याची इंग्रजी, ‘बहिष्कृत भारत’मध्ये महाडच्या शेतकऱ्याला कळेल अशी मराठी. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायले गेले, तेव्हा ती कृतीच निवेदन होती. मात्र कृतीवर थांबणे नाही. विरोधी वर्तमानपत्रांनी काय लिहिले, त्याला मुद्देसूद उत्तरे आपल्या पत्रातून दिली गेली. शिवाय कोर्टकचेरी चालू राहिली, ती १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात जिंकेपर्यंत. रस्ता, छापखाना आणि कोर्ट, तिन्ही ठिकाणी एकच म्हणणे.

शेवटचे उदाहरण नागपूरचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. नागपूरच का, यावर कुजबुज सुरू होती. संघाचे मुख्यालय तिथे आहे म्हणून, असे म्हटले जात होते. दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी ती शंका स्वतः काढली, खोडली आणि नाग लोकांच्या बौद्ध वारशाचे कारण सांगितले. अफवेला पाय फुटण्याआधी उत्तर, तेही रागाने नव्हे, कारणासह. संकटकाळातील संवादाचा याहून चांगला पाठ कोणत्या संस्थेत शिकवतात?

दार कुठे अडते?

इतका वारसा असताना दालनात आम्ही का नाही? गुणवत्ता नाही म्हणून, असे म्हणणाऱ्यांसाठी काही नोंदी.

१९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत एक दलित पत्रकार शोधायला सुरुवात केली. सरकारी मान्यताप्राप्त पत्रकारांच्या यादीत त्यांना एकही सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी १२१ नेतृत्वाची पदे तपासली. १०६ सवर्णांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. जनसंपर्काच्या कंपन्या याच वर्तुळातून माणसे उचलतात, हे वेगळे सांगायला नको.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ चा अभ्यास प्रत्येक पदवीधराने वाचावा. खासगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुलाखत तर दूरच, दार कागदावरच अडते.

आणि मुलाखतीपर्यंत गेलोच तर? पुण्यातील एका एजन्सीत आमच्या एका सहकाऱ्याला पहिला प्रश्न विचारला गेला, ‘वडील काय करतात?’ दुसरा, ‘मूळचे कुठले? गावात कुठे राहता?’ कामाविषयीचा प्रश्न सहावा होता. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हे चौकशीचे गोड नाव आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे या प्रश्नाला अजून कायद्याचा अटकाव नाही. आरक्षणाचा तो लढा चालू राहीलच. पण लढा संपेपर्यंत या वर्षी पदवी घेणाऱ्या मुलीने घरी बसायचे का?

तयारी कशी करायची?

नाही बसायचे. म्हणून काही रोखठोक गोष्टी.

पहिली, पुरावा जमवा. ओळख नसलेल्याची ओळख म्हणजे त्याचे काम. तुम्ही भीमजयंतीची बातमी पाठवता, ग्रामसभेची निवेदने लिहिता, वस्तीच्या पाण्यासाठी अर्ज करता, हे सगळे जनसंपर्काचेच काम आहे. त्याची फाईल करा. कोणते निवेदन, कुणाला, कधी, पुढे काय झाले. बातमी छापून आली तर कात्रण लावा. रिकाम्या बायोडाटापेक्षा अशी दहा पाने जड असतात.

दुसरी, प्रेसनोट लिहायला शिका. कोण, काय, कुठे, कधी, का, कसे, हे सगळे पहिल्या परिच्छेदात. मान्यवरांची यादी शेवटी. आपल्या कार्यकर्त्यांच्या बातम्या छापून येत नाहीत याचे एक कारण जात आहे. दुसरे कारण, पहिल्या दहा ओळी सत्काराच्या असतात. पहिले कारण झुंजून मोडायचे आहे, दुसरे आजच मोडता येते.

तिसरी, भाषा. युनिकोड मराठी टायपिंग बोटांत हवे. इंग्रजीची भीती सोडा. बाबासाहेबांनी ती शत्रूची भाषा मानली नाही, हत्यार मानले. रोज एक मराठी बातमी इंग्रजीत आणि एक इंग्रजी बातमी मराठीत करा. आणि आपली बोली लपवू नका. कारखान्याला गावाशी बोलायचे असते तेव्हा पुण्याचा अधिकारी अडखळतो, तुम्ही अडखळणार नाही.

चौथी, शिक्षण. पुणे विद्यापीठात आणि नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचे अभ्यासक्रम आहेत. नागराज मंजुळे याच न्यू आर्ट्समध्ये शिकले, ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी तिथे शिकताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. शिष्यवृत्तीची मुदत, बार्टीच्या प्रशिक्षणांच्या जाहिराती यांवर नजर ठेवा. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात आणि जिल्हा माहिती कार्यालयांत पदे असतात, तिथे आरक्षण लागू आहे. मात्र तिथे पत्रकारितेची पात्रता आणि अनुभव मागितला जातो, म्हणून आजपासून स्थानिक पत्रात नावानिशी लिहायला लागा.

पाचवी, कायदे वाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. गावाशी बोलायला, कामाचा अहवाल लिहायला त्यांना माणूस लागतो. तसेच २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, तिथे ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो. हे ज्याला माहीत, तो कंपनीच्या टेबलावर बसला तरी आणि गावाच्या सतरंजीवर बसला तरी उपयोगाचा.

पण कुणाची बाजू?

इथे आमचेच कार्यकर्ते अडवतात. ‘म्हणजे आपल्या मुलांनी भांडवलदारांची प्रतिमा धुवायची? आयव्ही ली व्हायचे?’ प्रश्न रास्त आहे, टाळून चालणार नाही.

आमचे उत्तर असे. पोट भरण्यासाठी नोकरी करणे हा गुन्हा नाही. आमची मुले कारखान्यात झाडू मारतात तेव्हा कुणी तत्त्व आठवत नाही, ती टेबलावर बसू लागली की का आठवते? पण सीमा आधीच आखा. कारखान्यात कामगार मेला आणि ‘त्याचीच चूक’ अशी प्रेसनोट लिहायला सांगितली, तर काय करणार, हे रुजू होण्याआधी ठरवा. खोटे लिहिणार नाही, मेलेल्याची बदनामी करणार नाही, जातीचा अन्याय झाकणार नाही. यासाठी सहा महिन्यांचे घरखर्चाचे पैसे बाजूला टाका, कारण नकार द्यायलाही जवळ काही असावे लागते. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो पुन्हा वेसकरच. निरोप पोहोचवणारा, पण निरोपात काय असावे हे न ठरवणारा.

आणि कौशल्याचा एक वाटा समाजाला द्या. खैरलांजीचे हत्याकांड २९ सप्टेंबर २००६ चे. राज्य पेटून उठायला महिना लोटला. आमच्या जिल्ह्याने सोनई पाहिले, खर्डा पाहिले. अशा प्रत्येक वेळी पहिल्या चोवीस तासांत घटनेला कोणते नाव दिले जाते, यावर पुढचे बरेच ठरते. ‘किरकोळ वाद’ की ‘जातीय अत्याचार’? त्या चोवीस तासांत फिर्यादीची प्रत वाचून, तारखा तपासून, भडक शब्द टाळून नेमके निवेदन लिहिणारा माणूस प्रत्येक तालुक्यात हवा. तो आपोआप तयार होत नाही.

याच पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी साऱ्या देशाला ठाऊक आहे, कारण त्याची गोष्ट सांगितली गेली, पुन्हा पुन्हा, सगळ्या भाषांत. त्याच तालुक्यातील महारवतनाच्या जमिनींचे काय झाले, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? ती घडली नाही असे नाही. ती सांगणारा माणूस आम्ही तयार केला नाही.

सुप्याच्या त्या मुलीला आम्ही हेच सांगितले. ही गोड बोलायची नोकरी नाही, नेमके बोलायची आहे. आणि ती कुणी देणार नाही, तू ती घ्यायची आहेस. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मग आमच्या वस्तीच्या पाण्याची प्रेसनोट आधी लिहिते.’ दोन दिवसांनी तिने पाठवलेल्या मजकुरात पहिल्या ओळीत तारीख होती, दुसरीत घरांची संख्या होती, सत्कार कुणाचाही नव्हता.

वाचकांना आमचे एकच सांगणे आहे. येत्या ३१ जानेवारीला, ‘मूकनायक’च्या वर्धापनदिनी, नुसता हार घालून घरी जाऊ नका. प्रत्येक विहारात दहा तरुणांना बसवा, आपल्या गावाच्या एका प्रश्नावर एक-एक प्रेसनोट लिहून घ्या, मोठ्याने वाचा, दुरुस्त करा आणि त्याच संध्याकाळी पाठवा.

दवंडी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दिली, ती दुसऱ्याची होती. आता शब्द आमचे असतील आणि मोबदलाही.

जय भीम!